सायकलवरचा संसार

संध्याकाळी बाजार करून घरी परतणारं एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. काळी, दणकट, २४ इंची सायकल. सीटवर वडील. त्यांच्या पुढ्यात, नळीवर बसवलेल्या छोट्या सीटवर चार वर्षांचा मुलगा. मागे कॅरिअरवर दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसलेली आई, तिच्या मांडीवर भाजीची पिशवी. हँडलला दुधाची किटली. रस्ता सपाट आहे तोवर हा संसार गप्पा मारत आरामात चाललेला असतो. पुलाचा चढ सुरू झाला, की सायकल डुगडुगायला लागते. आई काही न बोलता खाली उतरते आणि चालू लागते. चढ संपल्यावर वडील एक पाय जमिनीला टेकून थांबतात. आई पुन्हा मागे बसते.

पुणं एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाई. तिथे, किंवा राज्यातल्या कुठल्याही मध्यम गावात ज्यांचं बालपण १९९० च्या आधी गेलं, त्यांना हे चित्र वर्णन करून सांगावं लागत नाही. त्यातले बरेच जण कधी ना कधी त्या पुढच्या छोट्या सीटवर बसलेले असतात. पण या चित्रात किती विज्ञान भरलेलं आहे, याचा विचार आम्हीही फारसा केला नव्हता. तो करावा लागला तो आमच्या मुलीमुळे.

आठवीत गेल्यावर तिनं जाहीर केलं, "आता मी सायकलनं एकटी शाळेत जाणार." शाळा घरापासून ३.६ कि.मी. आम्ही दोघंही शिक्षक. वर्गात सायकलचं कौतुक करणारे. पण घरात आमच्या तोंडून पटकन 'नको' असंच गेलं. तिनं विचारलं, "का नको?" उत्तर द्यायचं म्हणून आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हा लेख म्हणजे ते गणित. यातली आकडेमोड मुद्दामच ढोबळ ठेवली आहे. नववी-दहावीच्या मुलांना ती सहज करता यावी.

सव्वा किलोचा जोर

पहिला प्रश्न वडिलांचा. सायकल चालवायला नेमका जोर किती लागतो?

समजा, चालवणाऱ्याचं वजन ६० किलो आणि सायकलचं २० किलो. एकूण ८० किलो. सपाट रस्त्यावर ताशी १५ कि.मी. वेगानं जाताना सायकलला दोन गोष्टी मागे ओढतात. एक म्हणजे चाकाचा लोळण-रोध. टायरचा जमिनीला टेकलेला भाग चाक फिरताना सतत दबतो आणि पुन्हा मूळ आकारात येतो. दबताना खर्च झालेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही, थोडी उष्णतेच्या रूपात वाया जाते. हा रोध वजनाच्या प्रमाणात वाढतो. साध्या सायकलला, साध्या डांबरी रस्त्यावर तो वजनाच्या हजारातल्या आठ भागांइतका धरू. म्हणजे ८० किलोला सुमारे ६ न्यूटन. दुसरा रोध हवेचा. या वेगाला तोही साधारण ६ न्यूटनच भरतो. दोन्ही मिळून झाले सव्वाबारा-साडेबारा न्यूटन. सव्वा किलो ज्वारीची पिशवी हातात धरायला लागतो तेवढाच हा जोर!

ताशी १५ कि.मी. म्हणजे सेकंदाला सुमारे ४.२ मीटर. जोर गुणिले वेग म्हणजे शक्ती. १२.५ × ४.२ = सुमारे ५२ वॅट. घरातल्या जुन्या ६० वॅटच्या बल्बपेक्षाही कमी.

आता ऊर्जा पाहू. एक किलोमीटर जाताना सायकलला १२,५०० ज्यूल, म्हणजे ३ किलोकॅलरी कार्य लागतं. आपले स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कार्यात बदलतात. म्हणून शरीराला सुमारे १२ किलोकॅलरी खर्च येतो. हाच माणूस एक किलोमीटर चालला तर सुमारे ४५ किलोकॅलरी लागतात. एका मध्यम पोळीतून साधारण ९० किलोकॅलरी मिळतात असं धरलं, तर त्या एका पोळीवर तो चालत २ कि.मी. जाईल आणि सायकलवर साडेसात!

असं का? चालताना प्रत्येक पावलागणिक आपण सबंध धड काही सेंटिमीटर वर उचलतो आणि पुन्हा खाली सोडतो. प्रत्येक पाय पुढे न्यायचा, थांबवायचा, पुन्हा उचलायचा. शिवाय शरीराचं वजन सतत पायांच्या स्नायूंनी तोलून धरायचं. सायकलवर वजन सीट तोलते. धड एका उंचीवर राहतं. पायांना एकच काम उरतं, ते म्हणजे पुढे ढकलण्याचं.

आई चढावरच का उतरते?

आता नळीवर १५ किलोचा मुलगा आणि मागे ५० किलोची आई बसवू. एकूण वजन १४५ किलो, म्हणजे जवळपास दुप्पट. लोळण-रोध त्याच प्रमाणात वाढून ११ न्यूटनच्या वर जातो. हवेचा रोध मात्र फारसा वाढत नाही, कारण आई वडिलांच्या पाठीमागेच, आडोशाला बसलेली असते. वेग ताशी १२ कि.मी. केला तर हवेचा रोध ४ न्यूटनच्या आसपास येतो. बेरीज सुमारे १६ न्यूटन. वेग सेकंदाला ३.३ मीटर. गुणाकार करा, पुन्हा ५२-५३ वॅटच!

म्हणजे एकटं असताना जेवढ्या मेहनतीत वडील ताशी १५ कि.मी. जात होते, तेवढ्याच मेहनतीत ते सगळ्या कुटुंबाला घेऊन ताशी १२ कि.मी. जातात. ओझं जवळजवळ दुप्पट, तोटा फक्त तीन किलोमीटरचा. सपाट रस्त्यावर संसार ओढणं वाटतं तितकं जड नाही, ते यामुळे.

चढावर मात्र गणित पार बदलतं. दर १०० मीटरला ३ मीटर चढणारा पूल घ्या. आता रोधांबरोबरच गुरुत्वाकर्षणाविरुद्धही जावं लागतं. १४५ किलोसाठी हा जादा जोर ४३ न्यूटन. लोळण-रोध मिळवून ५४ न्यूटन. वडिलांनी पूर्वीइतकेच ५२ वॅट खर्च केले, तर वेग सेकंदाला एक मीटरहूनही कमी होईल. ताशी साडेतीन किलोमीटर! चालणारा माणूस याहून पुढे जातो.

आता पायाकडे बघा. अशा सायकलच्या पुढच्या दातेरी चक्राला ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दात आहेत असं समजू. पेडलची एक फेरी झाली की मागचं चाक ४४ ÷ १८ = २.४४ फेऱ्या मारतं. चाकाचा व्यास ७१ सेंमी, म्हणजे परीघ २.२३ मीटर. एका फेरीत सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. पायानं मात्र तेवढ्यात एक मीटरच्या थोडं वर अंतर कापलेलं असतं, कारण पेडलचा दांडा सुमारे १७ सेंमी लांबीचा. अंतर पाचपट मिळालं, तर जोरही पाचपट द्यावा लागणार. यंत्राचा हा नियम सायकलला चुकत नाही. ५४ न्यूटनसाठी पेडलवर सरासरी २७५ न्यूटन, म्हणजे २८ किलो वजनाइतका जोर हवा. पेडल वरच्या आणि खालच्या टोकाला असताना तर जोर लागूच होत नाही. म्हणून मधल्या टप्प्यात तो याच्या दुप्पट, ५५ किलोच्या घरात द्यावा लागतो. चालवणाऱ्याचं स्वतःचं वजन ६० किलो! म्हणूनच चढावर माणूस सीटवरून उठून पेडलवर उभा राहतो. आणि म्हणूनच आई उतरते. ५० किलो कमी झाल्याबरोबर लागणारा जोर सुमारे एक तृतीयांशानं उतरतो. आईनं हे गणित कधी केलेलं नसतं, पण तिला ते अचूक माहीत असतं.

सायकल पडत का नाही?

चढावर सायकल डुगडुगते, ते का? हा प्रश्न वर्गात विचारला की बहुतेक वेळा उत्तर येतं, "चाकं वेगानं फिरतात म्हणून सायकल उभी राहते, वेग कमी झाला की पडते." आपणही वर्षानुवर्षं हेच शिकवत आलो. भोवरा फिरतो तोवर उभा राहतो, तसं.

१९७० साली डेव्हिड जोन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञानं हे तपासून पाहिलं. त्यानं सायकलच्या पुढच्या चाकाशेजारी आणखी एक चाक बसवलं आणि ते उलट्या दिशेनं फिरवलं. भोवऱ्यासारखा जो काही परिणाम असेल तो त्यानं रद्द होणार. तरीही सायकल आरामात चालवता आली. पुढे २०११ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी एक चाचणीची सायकल बनवली. तिच्यात चाकांच्या फिरण्याचा परिणाम रद्द केलेला होता आणि पुढच्या चाकाचा कलही नेहमीसारखा नव्हता. तीही, कोणी वर बसलेलं नसताना नुसती ढकलून दिली, तर स्वतःचा तोल स्वतः सावरत पुढे जाई. म्हणजे या गोष्टी मदत करत असतील, पण त्यांच्यावाचून अडत नाही.

मग अडतं कशावाचून? उलटा झाडू तळहातावर उभा धरून पाहा. तो ज्या बाजूला पडू लागेल त्याच बाजूला आपण हात नेतो आणि आधार पुन्हा त्याच्या खाली आणतो. सायकलस्वार हेच हँडलनं करतो. सायकल डावीकडे कलली की हँडल किंचित डावीकडे वळतं आणि चाकं पुन्हा वजनाच्या खाली येतात. वेग चांगला असला, की हँडल अगदी जरासं वळवून भागतं. वेग कमी असला, की चाकांना बाजूला सरकायला वेळ लागतो. मग हँडल मोठं वळवावं लागतं. हीच ती डुगडुग.

मागे माणूस बसलं की बहुतेक वजन मागच्या चाकावर जातं. पुढचं चाक हलकं होतं आणि सावरणं आणखी कठीण होतं. त्यात मागचा माणूस एका बाजूला पाय सोडून बसलेला असतो. म्हणून तर "हलू नको" असं प्रत्येक डबलसीटवाला मागे बसलेल्याला सांगतो. याउलट नळीवरच्या मुलाचं वजन दोन्ही चाकांच्या मधे येतं, त्याचा त्रास कमी होतो. एक सूचना मात्र करायला हवी. हे चित्र आम्ही गणितासाठी घेतलं आहे, अनुकरणासाठी नाही. मागे बसलेल्या मुलांच्या टाचा चाकाच्या आऱ्यांत सापडून गंभीर जखमा होतात. आजच्या रस्त्यांवर तिघांनी एका सायकलवर बसू नये.

नऊपट गाव

आतापर्यंत आपण सायकलकडे यंत्र म्हणून पाहिलं. आता घराकडे पाहू.

अर्ध्या तासात माणूस चालत अडीच किलोमीटर जातो, सायकलवर साडेसात. तिप्पट. पण घराभोवती या त्रिज्यांची दोन वर्तुळं काढून पाहा. पहिल्याचं क्षेत्रफळ सुमारे २० चौरस कि.मी., दुसऱ्याचं सुमारे १७७. त्रिज्या तिप्पट, तर क्षेत्रफळ नऊपट! रस्ते सरळ नसतात, त्यामुळे प्रत्यक्षातलं क्षेत्र कमी भरेल. पण गुणोत्तर साधारण तेच राहील. नऊपट क्षेत्रात शाळा जास्त, दुकानं जास्त, कामं जास्त, मित्रमैत्रिणी जास्त. सायकल घरात येणं म्हणजे वेग तिप्पट होणं नव्हे, गाव नऊपट होणं.

प्रश्न असा, की गाव नऊपट होतं ते घरातल्या कोणाचं?

सुरुवातीच्या चित्रात सायकल वडिलांची आहे. नऊपट गाव त्यांचं. आई त्या गावात जाते ती मागे बसून, म्हणजे वडिलांना वेळ असेल तेव्हा. मुलगा मोठा झाला की नळीखालून पाय घालून हाफ पेडल मारत शिकतो आणि त्याचंही वर्तुळ मोठं होतं. बहिणीची पाळी येते तेव्हा घरात चर्चा सुरू होते.

हे वर्तुळ तिच्या हाती आलं की काय होतं, याची दोन उदाहरणं आपल्याच देशातली आहेत. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहीम चालू होती. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला रानी चुंकत यांनी त्या मोहिमेतच सायकल शिकणं जोडून दिलं. हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. माल विकायला जाणं, पाणी आणणं, मुलांना सोडणं, यासाठी त्यांना ना बसची वाट पाहावी लागली ना घरातल्या पुरुषाची. अक्षरं गिरवण्याच्या मोहिमेत सायकल कशाला, असं तेव्हा काहींना वाटलंही असेल. पण स्वतःहून कुठे जाता येणं आणि स्वतःहून वाचता येणं या गोष्टी फार लांबच्या नाहीत.

दुसरं उदाहरण बिहारचं. २००६ साली तिथल्या सरकारनं नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी या योजनेचा अभ्यास केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण योजनेमुळे सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचं आणि मुलगे-मुलींमधली तफावत सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचं त्यांना आढळलं. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की वाढ मुख्यतः शाळेपासून तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर राहणाऱ्या मुलींमध्ये झाली. चालण्याचं वर्तुळ जिथे संपतं, बरोबर तिथे! आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागे पडलेल्या तालुक्यांतल्या मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या गेल्या.

आमच्या घरी आम्ही गावाचा नकाशा काढून प्रत्येकाचं वर्तुळ आखलं. कोण एकट्यानं कुठवर जातं? मुलीचं वर्तुळ निघालं ४०० मीटरचं, कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत. तिच्या आजोबांनी सांगितलं, की आठवीत असताना ते ५ कि.मी.वर पोहायला जात. दोन पिढ्यांत त्रिज्या बाराव्या हिश्श्यावर आली. क्षेत्रफळाचा हिशेब तिनंच केला आणि आमच्यासमोर ठेवला. दीडशेपटीहून जास्त फरक. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

भीतीचं गणित

आमची भीती खोटी होती का? नाही. पण ती नेमकी कशाची होती, हे आम्ही पाहिलं नव्हतं.

मुलगी आणि तिची सायकल मिळून ६३ किलो, वेग ताशी १२ कि.मी. तिची गतिज ऊर्जा, म्हणजे ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग, सुमारे ३५० ज्यूल. माणूस बसलेली स्कूटर १७० किलो, वेग ताशी ४० कि.मी.: सुमारे १०,५०० ज्यूल. तीसपट. १,२०० किलोची मोटार, वेग ताशी ५० कि.मी.: १,१५,००० ज्यूलच्या वर. तीनशे तीस पट. सायकल धोक्याची नाही. धोका रस्त्यावर आहे, आणि तो दुसऱ्याच कोणाच्या तरी इंजिनातून येतो.

मोटार ताशी ५० ऐवजी ३० कि.मी.नं चालली तर? वेग निम्म्याहून जास्तच आहे, पण ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ती जवळपास एक तृतीयांशावर येते. थांबायचं अंतरही पाहा. समोर कोणी आलं हे कळून पाय ब्रेकवर जायला चालकाला एक सेकंद लागतो असं धरू. चांगल्या ब्रेकनं वेग दर सेकंदाला ७ मीटर/सेकंद इतका कमी होतो असंही धरू. ताशी ३० कि.मी.ची मोटार पहिल्या सेकंदात ८.३ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी ५ मीटर. एकूण साडेतेरा मीटरच्या आत थांबते. ताशी ५० कि.मी.ची मोटार पहिल्या सेकंदातच १३.९ मीटर पुढे येते. १३.५ मीटरवर एखादं मूल रस्त्यात आलं, तर पहिली मोटार त्याच्या आधी थांबते. दुसरीचा ब्रेक तोवर लागलेलाच नसतो. ती पुऱ्या ५० च्या वेगानं त्याच्यापर्यंत येते.

फरक ताशी फक्त २० कि.मी.चा. हे उदाहरण आम्ही आता दरवर्षी वर्गात घेतो. गतीची समीकरणं मुलांच्या इतकी जवळ दुसऱ्या कशानंच येत नाहीत.

आणि आम्ही स्वतः काय करत होतो? मुलीला रोज स्कूटरवरून सोडत आणि आणत होतो. जायचं-यायचं, पुन्हा जायचं-यायचं: रोज १४.४ कि.मी. आणि रस्त्यात मोडणारा जवळजवळ एक तास. हा तास बहुतेक घरांत आईचा असतो. आमच्याकडेही होता. वर्षाचे शाळेचे २२० दिवस धरले तर तीन हजार किलोमीटरच्या वर. शाळेच्या फाटकापाशी सकाळी जी गर्दी होते, ती आमच्यासारख्यांचीच. तिथली धडकी भरवणारी वाहनं म्हणजे मुलांना वाहनांपासून जपणारे पालक! भीतीमुळे वाहनं वाढतात, वाहनं वाढली की भीती वाढते, आणि राहिलेले सायकलवालेही एकेक करून सायकल बंद करतात.

डच लोकांनी काय केलं?

सायकलवरचा संसार आज पाहायचा असेल तर नेदरलँड्समध्ये पाहायला मिळतो. पुढे लाकडी खोका असलेल्या सायकलीत दोन-तीन लहान मुलं बसवून आई किंवा वडील निघतात. मुलांचं वजन खाली आणि दोन चाकांच्या मधे येतं, म्हणजे मघाचा तोलाचा नियम इथे नीट पाळलेला आहे. मोठी मुलं आपापल्या सायकलींवर शाळेत जातात. प्राथमिक शाळेच्या अखेरच्या वर्षांत ती रस्त्यावरची सायकल-परीक्षा देतात. त्या देशातल्या एकूण फेऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त फेऱ्या सायकलवर होतात.

देश सपाट आहे, हे त्याचं एक कारण. चढावर काय होतं ते आपण पाहिलंच. पण सपाटपणा पुरेसा नव्हता. १९५० नंतर तिथेही घरोघरी मोटारी आल्या आणि सायकली झपाट्यानं कमी होत गेल्या. १९७१ साली तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली. त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. १९७२ साली एका पत्रकारानं, ज्याची स्वतःची मुलगी अशीच गेली होती, 'बालहत्या थांबवा' असा लेख लिहिला. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आई-वडील मुलांना घेऊन रस्त्यावर आले. १९७३ च्या तेलसंकटानं आणखी रेटा दिला. त्यानंतरच्या वर्षांत मोठ्या रस्त्यांच्या कडेनं सायकलींच्या वेगळ्या वाटा झाल्या. वस्त्यांमधल्या गल्ल्यांत मोटारींचा वेग चालण्याच्या जवळपास आणला गेला, आणि १९८० च्या दशकात ताशी ३० कि.मी.चे विभाग आले. सायकल त्यांच्या रक्तात नव्हती. ती त्यांनी परत मिळवली, आणि तीही मुलांसाठी.

सायकलची हवेची टायरसुद्धा एका मुलासाठीच झाली, हे इथे आठवतं. बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप या पशुवैद्यानं १८८८ साली आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली टायर बसवली, तिचे हादरे कमी व्हावेत म्हणून. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात मानली जाते ते बेळगावातलं सायकलींचं दुकानही १८८८ सालचंच.

आमचा निर्णय

नेदरलँड्सचे रस्ते आम्ही पुण्यात आणू शकत नव्हतो. पण गणितानं एक गोष्ट सांगितली होती: जपायचं ते सायकलपासून नव्हे, वेगवान वाहनांपासून. मग आम्ही तिघांनी दोन रविवार सायकलवर फिरून रस्ते शोधले. हमरस्ता टाळून गल्ल्यांमधून जाणारा एक मार्ग सापडला. तो ३.६ ऐवजी ४.४ कि.मी. भरला. ८०० मीटर जास्त, म्हणजे ताशी १२ कि.मी.नं चार मिनिटं. चार मिनिटांत हमरस्ता टळतो हा सौदा आम्हाला स्वस्त वाटला. एक मोठा चौक मात्र टळेना. तिथे सायकलवरून उतरायचं, सिग्नलला हातात सायकल धरून चालत ओलांडायचं, असं ठरलं. डोक्यावर हेल्मेट. दोन्ही ब्रेक दर रविवारी तपासायचे.

पहिले पंधरा दिवस आमच्यापैकी एक जण त्या चौकात उभं राहिलं. सोळाव्या दिवशी तिनंच सांगितलं, "आता येऊ नका." आम्ही गेलो नाही. ती शाळेत पोहोचल्याची वेळ होईपर्यंत घड्याळाकडे मात्र बघत बसलो. ती भीती गणितानं गेली नाही, आणि जावी असं आम्हाला वाटतही नाही. पण आता ती कशाची आहे हे आम्हाला माहीत आहे. तिच्या वर्गातल्या आणखी चार मुली आता त्याच गल्ल्यांमधून येतात. शाळेचा सायकल-स्टँड, जिथे पालकांच्या स्कूटर उभ्या असत, तो रिकामा करून द्यावा असा अर्ज त्या पाच जणींनी मुख्याध्यापकांना दिला आहे.

वर्गात करून पाहा

१. आपल्या सायकलच्या पुढच्या आणि मागच्या चक्रांचे दात मोजा. चाकाचा परीघ दोऱ्यानं मोजा. पेडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाईल याचं गणित करा आणि मैदानावर खडूनं खुणा करून पडताळा पाहा.

२. मैदानावर एका ठरावीक खुणेपाशी एकसारखा वेग ठेवून पेडल मारणं बंद करा. सायकल किती अंतरावर थांबते? टायरमधली हवा थोडी कमी करून पुन्हा पाहा. मग हवा नीट भरून पुन्हा. प्रत्येक वेळी तीन-तीन मोजमापं घेऊन सरासरी काढा.

३. गावाच्या नकाशावर घरातल्या प्रत्येकाचं वर्तुळ काढा: आजी, आई, वडील, भाऊ, बहीण. एकट्यानं कोण कुठवर जातं? आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणीचं वर्तुळ विचारा. क्षेत्रफळांची तुलना करा.

४. शाळा भरण्याआधीच्या वीस मिनिटांत फाटकापाशी येणारी मुलं मोजा: चालत किती, सायकलवर किती, सोडायला आलेल्या वाहनांवर किती. मुली आणि मुलगे वेगळे मोजा. आकडे शाळेच्या फळ्यावर लिहा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा.

चौथ्या प्रयोगातले आकडे पालकसभेत वाचून दाखवा. आमच्या शाळेत ते वाचल्यावर पहिला प्रश्न एका वडिलांनी विचारला. "तो गल्ल्यांचा रस्ता नेमका कुठून जातो?"